किंगली, रॉयल आणि रीगल

'किंगली', 'रॉयल' आणि 'रीगल'. तिन्ही शब्द डिक्शनरीत बघा, थोड्याफार फरकाने एकच अर्थ सापडेल. राजाचा, किंवा राजाला शोभेलसा. मग मोटरसायकल 'रॉयल' एनफिल्डच का? कुलाब्याचं जुनं थिएटर 'रीगल'च का? आणि 'किंगली' नावाचं काहीच कसं कुठे दिसत नाही? अर्थ एकच असेल तर तिन्ही शब्द कुठेही चालायला हवेत. पण नाही चालत. अदलाबदल करून बघितली की कानाला लगेच खटकतं. का खटकतं ते मात्र चटकन सांगता येत नाही.

जीआरईची तयारी केलेल्या मंडळींना हा प्रकार चांगलाच ठाऊक असेल. शब्दांच्या लांबच लांब याद्या, प्रत्येक शब्दापुढे चार समानार्थी शब्द, घोका आणि पुढे चला. (२०११ च्या ऑगस्टमध्ये त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले, तोवर तर ही घोकंपट्टी म्हणजे नित्यकर्मच होतं.) पण एका भाषेला एकाच गोष्टीसाठी तीन-तीन शब्द लागतातच कशाला, हे यादी कधी सांगत नाही.

एखाद्या जुन्या कंपनीचा सोर्स कोड उघडावा आणि त्यात एकच काम करणारी तीन फंक्शन्स सापडावीत, तसं आहे हे. प्रत्येक फंक्शन वेगळ्या टीमने लिहिलेलं, वेगळ्या काळात, आणि जुनं काढून टाकायची हिंमत कोणालाच झालेली नाही. इंग्रजीत या टीम कोणत्या होत्या ते बघितलं की 'समानार्थी' शब्दांमधला फरक आपोआप कळायला लागतो. आणि हा सगळा इतिहास शेवटी सत्तेचा आहे. कागद कोणाच्या हातात होता आणि तो कोणाला वाचता येत नव्हता, याचा.

सुरुवात तळमजल्यापासून करू. पाचव्या शतकात अँगल्स, सॅक्सन्स वगैरे टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आल्या आणि त्यांच्या बोलीतून जुनी इंग्रजी तयार झाली. हाउस, वॉटर, मदर, ईट, स्लीप, आस्क, किंग हे सगळे त्या घरचे शब्द. लहान, ठोस, लहान मुलाच्याही तोंडात बसणारे.

मग आले व्हायकिंग. ७९३ मध्ये त्यांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढे मात्र लुटायला आलेले लोक उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये शेती करून राहिले. त्यांची नॉर्स भाषा जुन्या इंग्रजीची सख्खी बहीणच म्हणायला हवी, त्यामुळे दोघींची सरमिसळ फार झपाट्याने झाली. स्काय, एग, विंडो, नाइफ, हजबंड हे शब्द नॉर्स. एवढंच काय, 'दे' आणि 'देम' ही सर्वनामंसुद्धा त्यांचीच. आणि गंमत म्हणजे 'लॉ' हा शब्दही! मठ लुटणाऱ्यांनी इंग्लंडला कायद्यासाठी शब्द दिला. :-)

आता एकाच गोष्टीला दोन शब्द झाले की भाषा काय करते? बहुतेक वेळा एक मरतो. पण कधीकधी दोघांत वाटणी होते. 'शर्ट' आणि 'स्कर्ट' हा मुळात एकच शब्द, एक इंग्रजी वळणाचा, एक नॉर्स वळणाचा. वाटणीत एकाला कमरेच्या वरचा भाग मिळाला, दुसऱ्याला खालचा. 'स्टार्व्ह'ची कथा तर करुण आहे. त्याच्या जुन्या रूपाचा अर्थ होता नुसतं मरणे, कशानेही. (जर्मन शिकलेल्यांना 'श्टेर्बेन' आठवेल.) पुढे 'डाय' रूढ झाला आणि 'स्टार्व्ह'कडे फक्त उपासमारीचं मरण उरलं. आता तर तेही गेलं. दुपारी साडेबाराला कँटीनकडे बघून कोणीही 'आय अ‍ॅम स्टार्व्हिंग' म्हणतं.

ही वाटणी एका रात्रीत झाली नाही. इंग्लंडमध्ये छपाई आणणारा विल्यम कॅक्स्टन १४९० मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक किस्सा सांगतो. काही व्यापारी टेम्स नदीतून गलबताने झीलंडला निघाले होते. वारा पडला म्हणून ते किनाऱ्याला उतरले, आणि त्यातल्या एकाने एका बाईकडे खायला मागितलं. खास करून 'एग्ज'. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! शेवटी दुसरा कोणीतरी म्हणाला, बाई, याला 'आयरेन' हवे आहेत. तेव्हा तिला कळलं. एक नॉर्स शब्द, एक जुना इंग्रजी, आणि मध्ये उपाशी माणूस. कॅक्स्टनचा प्रश्न धंद्याचा होता. छापायचं तर यातलं नक्की काय छापायचं? आज आपण 'एग' म्हणतो, यावरून कोण जिंकलं ते दिसतंच.

दुसरा मजला चढला तो १४ ऑक्टोबर १०६६ नंतर. हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा विल्यम जिंकला आणि इंग्लंडचा दरबार, न्यायालयं, वरिष्ठ धर्मगुरू, जमीनदार सगळे फ्रेंच बोलायला लागले. इंग्रजी गेली शेतात आणि गोठ्यात.

इथे एक लाडकी गोष्ट हमखास सांगितली जाते. गोठ्यातला प्राणी इंग्रजी आणि ताटातलं मांस फ्रेंच. पिग पण पोर्क, शीप पण मटन, काउ पण बीफ. राबणारा इंग्रज, खाणारा नॉर्मन. ही गोष्ट प्रसिद्ध केली वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो'ने (१८१९), पण त्याच्याही आधी १६५३ मध्ये जॉन वॉलिसने आपल्या व्याकरणात तिची नोंद केली होती. वॉलिस म्हणजे आपल्याला अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह देणारा गणिती, तोच.

गोष्ट फक्कड आहे. पण जरा जास्तच फक्कड आहे. जुने ग्रंथ बघितले तर नॉर्मन विजयानंतर कित्येक शतकं 'बीफ' हा शब्द जिवंत बैलालाही वापरत आणि 'मटन' जिवंत मेंढीलाही. गोठा आणि ताट अशी काटेकोर वाटणी फार उशिरा झाली. शब्द सत्तेबरोबर आले हे खरं, पण आल्या दिवशीच कोणी त्यांना जागा नेमून दिली नव्हती. जाता जाता, आपलं रविवारचं मटण हे त्याच फ्रेंच शब्दाचं नातवंड. फ्रेंचमध्ये मेंढी, इंग्रजीत मेंढीचं मांस आणि कोल्हापुरात तांबड्या रश्शातला बोकड!

खरी मजा ताटात नाही, कोर्टात आहे. इंग्लंडच्या न्यायालयात फ्रेंच इतकी मुरली की सामान्य माणसाला आपल्याच खटल्यात काय चाललंय ते कळेना. १३६२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला की यापुढे कोर्टात इंग्रजीत बोला, कारण फ्रेंच लोकांना समजत नाही आणि आपल्या बाजूने वा विरुद्ध काय बोललं जातंय याचा त्यांना पत्ता लागत नाही. हेतू किती चांगला! आणि हा कायदा कोणत्या भाषेत लिहिला होता? फ्रेंचमध्ये! शिवाय नोंदी लॅटिनमध्ये ठेवायच्या असं त्यातच म्हटलं होतं. वकिलांनी पुढेही आपली मोडकीतोडकी फ्रेंच सोडली नाही. अखेर १७३१ मध्ये पार्लमेंटने कायदा करून लॅटिन आणि फ्रेंच दोन्ही बाहेर काढल्या आणि १७३३ पासून तो लागू झाला. म्हणजे 'लोकांना समजेल असं बोला' या एका रिक्वायरमेंटला जवळजवळ पावणेचारशे वर्षं लागली. आपले प्रोजेक्ट बरे म्हणायचे.

या काळाचे ठसे कायद्याच्या भाषेत अजून दिसतात. 'विल अँड टेस्टामेंट' यातला विल इंग्रजी, टेस्टामेंट लॅटिन. 'गुड्स अँड चॅटल्स' यातला पहिला इंग्रजी, दुसरा फ्रेंच. 'ब्रेकिंग अँड एंटरिंग' तसंच. एका शब्दाने भागत असताना दोन लिहायचे, म्हणजे कोणत्याही बाजूने फट राहायला नको. पण सगळ्या जोड्या दोन भाषांच्या आहेत असंही नाही. 'नल अँड व्हॉइड', 'टर्म्स अँड कंडिशन्स' या जोड्यांतले दोन्ही शब्द फ्रेंचच. एकदा सवय लागली की लागली.

आणि ही सवय आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. 'धनदौलत' बघा, धन संस्कृत, दौलत अरबी. 'कागदपत्र' यातला कागद फारसी, पत्र संस्कृत. 'बाजारहाट', 'लाजशरम', 'रीतिरिवाज'... राज्यकर्त्यांची भाषा वेगळी आणि घरची वेगळी असली की दोन्ही शब्द हातात हात घालून चालायला लागतात, मग ते लंडन असो की पैठण.

फ्रेंच शब्द इंग्रजीत दोनदा आले, हेही मोठं मजेशीर आहे. आधी विल्यमबरोबर नॉर्मंडीची खेडवळ फ्रेंच आली. नंतर पॅरिसची झाली प्रतिष्ठा, मग तिकडची आली. नॉर्मंडीकडे काही शब्दांच्या सुरुवातीला 'व' राहिला होता, पॅरिसकडे त्याचा 'ग' झाला. त्यामुळे एकच शब्द दोन वेशांत इंग्रजीत शिरला. वॉर्ड आणि गार्ड. वॉर्डन आणि गार्डियन. रिवॉर्ड आणि रिगार्ड. (अप्रेझलनंतर आपल्याला पहिल्याऐवजी दुसरं का मिळतं, त्याचं मूळ इथे असावं.) आणि अर्थातच, वॉरंटी आणि गॅरंटी.

फ्रिज घेताना आपण विचारतोच, गॅरंटी आहे की वॉरंटी? दुकानदार सांगतो, गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून. हा दुकानातला अर्थ. कायद्यातला वेगळाच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार गॅरंटी म्हणजे तिसऱ्याने घेतलेली हमी. मित्राच्या कर्जाला जामीन राहता ना, ती. आणि १९३० च्या मालविक्री कायद्यात वॉरंटीची जोडी गॅरंटीशी नाहीच, ती 'कंडिशन'शी आहे. कंडिशन मोडली तर खरेदीदार व्यवहारच रद्द करू शकतो, वॉरंटी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणजे मुळात एकच शब्द, त्याचे दोन उच्चार, आणि दुकानात एक फरक, कोर्टात दुसरा. समानार्थी शब्द पाठ करून यातलं काही हाती लागत नाही. सही करण्याच्या वेळी मात्र हाच फरक कामाला येतो.

असंच एक त्रिकूट आहे कॅटल, चॅटल आणि कॅपिटल. तिन्ही एकाच लॅटिन शब्दातून आले. नॉर्मन वाटेने आलं ते झालं गुरंढोरं, पॅरिसच्या वाटेने आलं ते जंगम मालमत्ता, थेट लॅटिनमधून आलं ते भांडवल. गोठा, घर आणि शेअर बाजार. एकेकाळी गुरं हेच भांडवल होतं, यात 'पशुधन' म्हणणाऱ्या मराठी माणसाला नवल वाटायला नको. इंग्रजीत पैशासंबंधी म्हणून 'पेक्युनिअरी' हा भारदस्त शब्द आहे ना, त्याचं मूळ लॅटिन 'पेकू' म्हणजे गुरं, आणि ते आपल्या 'पशु'चं चुलत भावंड.

तिसरा मजला बांधला पंडितांनी, मुख्यतः सोळाव्या शतकात. ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा अभ्यास वाढला, त्यांची भाषांतरं व्हायला लागली, आणि विद्वानांनी लॅटिन शब्द पोत्याने आणून इंग्रजीत ओतले. लोकांनी याला नाव ठेवलं 'इंकहॉर्न' शब्द. इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. तोंडातून नव्हे तर दौतीतून निघालेले शब्द! थॉमस विल्सनने १५५३ मध्ये अशा शब्दांनी ठासून भरलेलं एक विनोदी पत्र छापून त्यांची टर उडवली. आज ते पत्र वाचताना वेगळीच गंमत येते. त्यातले 'ऑब्टेस्टेट'सारखे काही शब्द कुठल्या कुठे गेले, पण 'सेलिब्रेट' आणि 'डेक्स्टेरिटी' आरामात टिकले. आणि आज 'सेलिब्रेट' कोणाला हास्यास्पद वाटतो?

विरोध करणाऱ्यांत सर जॉन चीक हा केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक होता. म्हणजे शब्द आणायची सगळ्यात जास्त सोय ज्याला, तोच नको म्हणत होता. बायबलचं भाषांतर करताना त्याने 'ल्युनॅटिक'साठी 'मून्ड' आणि 'सेंच्युरियन'साठी 'हंड्रेडर' असे घरचे शब्द घडवले. चाललं नाही कोणतंच. शिवाय १५५७ च्या एका पत्रात त्याने भाषा शुद्ध ठेवायचा आग्रह धरला, तो धरताना वापरलेला 'प्युअर' हाच शब्द फ्रेंचमधून आलेला. शिवरायांच्या 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते, ते आठवतं. फरक एवढाच की तिथे मागे राजाची आज्ञा होती, चीकच्या मागे कोणी नव्हतं.

या लॅटिन लाटेचा खरा परिणाम दिसतो १६०४ मध्ये. रॉबर्ट कॉड्री नावाच्या शिक्षकाने सुमारे २५०० अवघड शब्दांचा छोटासा कोश छापला. इंग्रजीचा इंग्रजीतच अर्थ सांगणारा पहिला कोश हाच मानतात. तो कोणासाठी, हे मुखपृष्ठावरच लिहिलं होतं. बायका आणि इतर अशिक्षित माणसांसाठी! मुलग्यांना शाळेत लॅटिन शिकवत, मुलींना सहसा नाही. त्यामुळे आपल्याच मातृभाषेतलं पुस्तक वाचायला त्यांना कोश लागायला लागला. म्हणजे पहिला इंग्रजी कोश परक्यांसाठी नव्हता, घरातल्याच पण दाराबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी होता. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते.

तर असे तीन मजले. किंग तळमजल्याचा, रॉयल मधला, रीगल वरचा. आता 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटरॉगेट' ऐकून बघा. आस्क कोणीही कोणालाही करतो. क्वेश्चन करताना आवाजात संशय येतो. इंटरॉगेट करायला खोलीत एक टेबल, एक दिवा आणि पोलीस लागतो. मराठीत 'विचारणे', 'सवाल करणे' आणि 'पृच्छा करणे' म्हणून बघा. घरचा, अरबी, संस्कृत. अर्थ एक, पण आई मुलाला 'जेवलास का' अशी पृच्छा करत नाही. आणि हो, डेटाबेसला आपण आस्क करत नाही, 'क्वेरी' करतो. क्वेरी, क्वेश्चन, रिक्वेस्ट आणि विल्यम द कॉंकररमधला 'कॉंकर' हे सगळे एकाच लॅटिन धातूचे. दिवसभर सर्व्हरला रिक्वेस्ट मारणारे आपण तसे विजेतेच.

वरचे मजले चढताना तळमजल्यावर काय झालं, ते एका शब्दात दिसतं. 'स्टिंक' या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ होता वास येणे. चांगला, वाईट, कसाही. मग 'सेंट', 'ओडर', 'फ्रेग्रन्स' अशी पाहुणेमंडळी आली, सगळे सुवास त्यांनी वाटून घेतले आणि 'स्टिंक'च्या वाट्याला फक्त दुर्गंधी राहिली. इंग्रजीला हसू नका. संस्कृत 'घ्राण' म्हणजे नुसता वास, हुंगणं. त्याचंच मराठीत झालं 'घाण'. घरच्या शब्दाला खालची कामं देण्यात आपणही मागे नाही.

हे सगळं आपल्या कामाचं का, तर इंग्रज पोरगं ही इमारत तळमजल्यावरून चढतं. ईट, गो, आस्क, हेल्प. आपल्याकडे इंग्रजी आली ती कोर्ट, कचेरी आणि कॉलेजातून, म्हणजे बरीचशी वरच्या मजल्यावरून. म्हणून आपल्याला 'कमेन्स' लिहिताना अडत नाही, पण 'बिगिन' लिहिलं तर मेल हलका वाटेल अशी भीती वाटते. हापिसात छोट्या गावातून आलेला एखादा पोरगा मीटिंगमध्ये साध्या चार शब्दांत बग समजावून सांगतो आणि खाली बसताना 'माझं इंग्लिश वीक आहे' म्हणतो. अरे बाबा, ते वीक नाही. ते तळमजल्यावरचं आहे, आणि इमारत त्याच्यावरच उभी आहे. ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्याने १९४८ मध्ये सर अर्नेस्ट गॉवर्सकडून 'प्लेन वर्ड्स' नावाचं पुस्तक लिहून घेतलं, ते आपल्याच बाबूंनी जरा साधं लिहावं म्हणून.

म्हणजे लॅटिन शब्द टाकून द्यायचे का? मुळीच नाही. जिथे पोलीस आहे तिथे 'इंटरॉगेट'च हवा. फक्त शब्द अचूक आहे म्हणून वापरतोय, की समोरच्याला दाराबाहेर ठेवायला, एवढं स्वतःला विचारायचं. (पृच्छा केलीत तरी चालेल.)

१९९९ मध्ये इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांनी नवे नियम आणले आणि 'प्लेंटिफ' हा शब्द काढून 'क्लेमंट' केला, लोकांना समजावं म्हणून. दोन्ही शब्द फ्रेंचच, पण निदान दुसरा समजतो. आपल्याकडे १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता अजून 'प्लेंटिफ'च म्हणते. मराठीतला 'वादी' किती सोपा आहे!

असो. पुरे आता. शेवटी एक घरी नेण्यासारखं त्रिकूट देतो. हॉस्टेल, हॉटेल आणि हॉस्पिटल. मुळात एकच लॅटिन शब्द, पाहुण्याची सोय करायची जागा. एक जुन्या फ्रेंचमधून आला, एक नंतरच्या, एक थेट लॅटिन वळणाचा. आणि बिलं बघितलीत तर तीही मजल्याप्रमाणेच चढत जातात.